गोलाईतला दोष

"ताई, गोळा गोल हाय," पांचाळमामा म्हणाले. त्या आठवड्यात हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

"मग सुई इथे का पडते, ते सांगा," मी म्हणाले.

दुपारचे तीन वाजले होते. भौतिकशास्त्र विभागाच्या गच्चीवर एका लाकडी चौकटीला रेशमी दोऱ्याने टांगलेला पितळेचा गोळा हळूहळू झुलत होता. गोटीएवढा, एक सेंटिमीटर व्यासाचा. त्याच्यावर एका बाजूने दहा सेंटिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी सोडायच्या, आणि तो त्या कुठल्या दिशेला किती उधळून लावतो हे त्याच्याभोवती एक पत्र्याचा कर्णा फिरवत, कर्ण्याला जोडलेल्या मीटरच्या सुईवर मोजायचं, हा माझा पीएच.डी.चा प्रयोग होता. गोळा झुलता ठेवायचा तो अशासाठी, की कठड्यावरून आणि टाकीवरून परत येणारी लहर स्थिर असते. जी झोक्याबरोबर कमीजास्त होते, तेवढीच गोळ्याची.

लहर जिकडे चालली आहे त्या दिशेपासून आम्ही कोन मोजत असू. सरांच्या वहीतल्या गणिताप्रमाणे बरोबर काटकोनात, म्हणजे नव्वद अंशांवर, सुई शून्यावर यायला हवी होती. आणि गोळा जितकी लहर पुढे पाठवतो तितकीच त्याने मागे परत करायला हवी होती. प्रत्यक्षात सुई शून्यावर येत होती साठ अंशांवर, आणि मागे परतणारी लहर पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त भरत होती. तीन आठवडे हेच चाललं होतं. मामांनी एकामागून एक पाच गोळे कातून दिले होते, आणि पाचही गोळ्यांनी मला साठाचाच आकडा दाखवला होता.

एकाच चुकीची पाच वेळा तीच जागा, म्हणजे ती चूक नसावी, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी हेमलता बिडवई, वय चोवीस, लातूरहून आलेली, एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आलेली, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी घेणारी.

रंगनाथ पांचाळ हे विभागाच्या वर्कशॉपमधले टर्नर. घरचा धंदा लोहारकीचा. तरुणपणी एका कारखान्यात लेथ शिकले आणि मग आमच्याकडे हंगामी म्हणून लागले. सहा वर्षं हंगामीच होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. बुटके, काळेसावळे, बोलणं कमी. एखादं काम झालं की मायक्रोमीटर लावायच्या आधी ते डोळे मिटून ती वस्तू दोन्ही तळव्यांत फिरवत बसायचे, आणि बहुतेक वेळा मायक्रोमीटर त्यांच्या हो ला हो म्हणायचा.

"गोळा एकदा पाव फेरा फिरवून टांगा," मामा म्हणाले. "मंग बगा. वाकडा असला तर सुईची जागा बदलंल. आमी लेथवर तसंच बगतो. काम फिरवायचं, डायल हलली की समजायचं काम वाकडं हाय. न्हाई हलली, तर खोट दुसरीकडं हाय."

सूचना अगदी सोपी होती. पाच मिनिटांचं काम. पण ती कुणी केली होती, ते मला आडवं आलं.

"मामा, हे लेथ नाही," मी म्हणाले. "तुमचं बोट आणि तुमचा मायक्रोमीटर जिथे संपतात ना, तिथून आमची लहर सुरू होते. तुम्हाला न दिसणारा दोष तिला दिसतो."

त्यांनी झुलता गोळा दोन बोटांनी थांबवला, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग माझ्या यंत्राकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी सांगितलेलं त्यांना पटत चाललं होतं.

ही फेब्रुवारी एकोणऐंशीची गोष्ट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला बोलावून घेतलं. माझे मार्गदर्शक डॉ. सरदेशमुख हे शांत, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ. वीस वर्षं तेच विषय शिकवत आलेले, आवाज कधी न चढवणारे.

"बिडवई, वर्कशॉपमध्ये टर्नरची एक कायम जागा मंजूर झाली आहे," ते म्हणाले. "पांचाळांचं नाव आहे, आणि बाहेरचाही एक अर्ज आहे. समितीला वर्कशॉपकडून काम करून घेणाऱ्यांचा अभिप्राय हवा आहे. चार ओळी लिहून दे. सध्या त्यांचं सर्वांत नाजूक काम तुझ्याकडेच आहे."

"काय लिहू, सर?"

"जे आहे ते."

मी जे आहे ते लिहिलं, असंच मला वाटलं होतं. पाच वेळा करूनही गोळ्याच्या गोलाईत दोष आढळतो, त्यामुळे प्रयोगाचे निष्कर्ष सिद्धान्ताशी जुळत नाहीत, सबब सूक्ष्म कामासाठी हे कारागीर अयोग्य आहेत. 'अयोग्य' हा शब्द लिहिताना मी थोडी थांबले होते, हे मला आठवतं. त्याच्या जागी 'अपुरे' लिहावं असं मनात आलं. पण 'अयोग्य' जास्त ठाम वाटला. त्या वयात मला ठाम असण्याचं फार वेड होतं.

समितीची बैठक वीस तारखेला झाली. संध्याकाळी सर आपल्या खोलीत कागद आवरत होते. मी आत गेले.

"पांचाळांचं नाही झालं," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाची शिफारस केली. पांचाळांची हंगामी मुदत एकतीस तारखेला संपते."

"माझ्या अभिप्रायामुळे?"

"तो वाचून दाखवला. मग त्यांना आत बोलावून विचारलं, की हे बरोबर आहे का. मला वाटलं होतं, हा माणूस आता भांडेल." सरांनी चष्मा काढून पुसला. "ते म्हणाले, मला मायक्रोमीटरात दिसत नाही, पण ताईंच्या यंत्राला दिसतंय, तर असंल. झालं. त्यांनी स्वतःच कबूल केल्यावर कोण काय बोलणार?"

मी वसतिगृहावर आले आणि जेवायला बसले. ताटात काय होतं कोण जाणे. ताईंच्या यंत्राला दिसतंय तर असंल. हे वाक्य माझंच होतं, मीच त्यांना गच्चीवर दिलेलं, आणि ते समितीसमोर माझ्या अभिप्रायापेक्षा जास्त कामाला आलं होतं. आणि ते खोटं होतं. माझी लहर दहा सेंटिमीटर लांबीची. मायक्रोमीटरला न सापडलेला केसाएवढा खड्डा तिला काय कपाळ दिसणार? पायलीच्या मापाने कुणी मोहरीचा दाणा मोजतं का? मामांसमोर तोंड वर करून मी जे बोलले होते, ते एखाद्या बी.एस्सी.च्या मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी तिला शून्य दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गच्चीवर गेले आणि गोळा पाव फेरा फिरवून टांगला. सुई साठ अंशांवरच शून्याला आली. आणखी पाव फेरा. साठ. उलटा टांगला, तरी साठ. मग पाचही गोळे एकेक करून, दर वेळी वेगळ्या तोंडाने टांगले. सुईने जागा सोडली नाही. शेवटी गावात जाऊन सायकलच्या दुकानातून बेअरिंगची एक मोठी पोलादी गोळी आणली, तिला कसाबसा दोरा चिकटवला आणि तीही टांगली. ती कारखान्यात झालेली, मामांच्या हाताचा तिला स्पर्शही नव्हता. तिनेही साठच दाखवले.

दोष गोळ्यात नव्हता, हे तिथेच सिद्ध झालं. तो कुठे होता हे शोधायला मला आणखी आठवडा लागला.

सरांच्या वहीतलं गणित पाण्याच्या थेंबाचं होतं. छोट्या थेंबावर लहर आली की तिच्यातली विद्युत तेवढी थेंबाला हलवते. चुंबकाचं तिथे काही चालत नाही. त्या गणितात काटकोनात सुई शून्यावर येते, आणि ते थेंबापुरतं अगदी खरं आहे. सरांनी वीस वर्षांपूर्वी तेच गणित धातूच्या गोळ्याला लावलं, वहीत उतरवलं, आणि आमच्या सगळ्या पिढ्यांनी ते तसंच उतरवून घेतलं. पण धातूचं वेगळं असतं. लहरीतल्या चुंबकामुळे धातूच्या कातडीवरून गोल गोल प्रवाह वाहू लागतो आणि तोही आपली लहर उधळतो. विद्युतेची लहर एक धरली, तर ही अर्धी, आणि उलटी. पुढच्या बाजूला एकातून अर्धा वजा होतो, मागच्या बाजूला एकात अर्धा मिळतो. म्हणजे मागची लहर पुढच्या लहरीच्या तिप्पट, आणि तिची शक्ती नऊपट. सुई शून्यावर कधी येईल, तर ज्या कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन, बरोबर अर्धी असते तिथे. तो कोन साठ अंशांचा असतो, हे नववीच्या पुस्तकात आहे.

लहरीचं नाव विद्युतचुंबकीय. आम्ही सगळ्यांनी अर्धंच नाव वाचून गणित मांडलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याचं खापर पांचाळमामांच्या हातावर फोडलं होतं.

ती तारीख मला नीट आठवते, अठ्ठावीस मार्च. कागद घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, पेन्सिल हातात घेऊन पुन्हा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझीच चूक. वीस वर्षं शिकवली मी ती."

"सर, पांचाळांचं काय?"

"फाईल कुलसचिवांकडे आहे. आदेश अजून निघालेला नाही."

"म्हणजे थांबवता येईल?"

"तू अभिप्राय मागे घेतलास, तसं पत्र दिलंस, तर मी आजच्या आज ते पुढे पाठवीन. माझं नाव वहीसकट त्यात घाल, माझी हरकत नाही. पण तुलाही एक सांगून ठेवतो, नाही तर नंतर म्हणशील सर बोलले नाहीत. तुझी शिष्यवृत्ती वाढवायची बैठक दोन तारखेला आहे. समितीत तीच माणसं आहेत. ते विचारतील, की ही मुलगी महिनाभर गोळ्याला दोष देत होती, तर हिच्या मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? कदाचित विचारणारही नाहीत. मी सांगू शकत नाही. पत्र लिहायचं की नाही, ते तू ठरव."

सरांनी मला अडवलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला उलटं सांगत आले.

शिष्यवृत्ती गेली असती तर मला लातूरला परतावं लागलं असतं. वडिलांनी दोन वर्षांची मुदत दिली होती आणि घरात स्थळं बघणं सुरू होतं. हे कारण खोटं नव्हतं. मी ठरवलं, दोन तारखेची बैठक होऊ दे, तीन तारखेला पत्र देते. पाच-सहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

एकतीस तारखेला शनिवार होता, अर्धा दिवस. साडेबाराला मी वर्कशॉपमध्ये गेले. मामा लेथ पुसून तेल देत होते. काच फुंकणारे गफूरभाई, सुतारकाम करणारे दोघं, वर्कशॉपचे प्रमुख, सगळे मामांच्या निरोपाला म्हणून चहाचे कप घेऊन उभे होते. मामा कशामुळे चालले आहेत हे त्या सगळ्यांना माहीत होतं. गफूरभाईंनी माझ्याकडे पाठ केली.

"या ताई," मामा म्हणाले. आपला कप त्यांनी माझ्यापुढे केला. "काई काढलं का मंग, गोळ्यात काय व्हतं ते? पोकळी असंल का आत? वतीव पितळात ऱ्हाती कदी कदी."

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जाता जाता आपल्या हाताचं काय चुकलं तेवढं कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त चार शब्द लागले असते.

"गणितात थोडी दुरुस्ती करावी लागली," मी म्हणाले. "आता नवे गोळे लागणार नाहीत."

मामा थांबून राहिले. पुढे काही येईल असं त्यांना वाटलं असावं. मी चहा प्यायले, छान झालाय म्हणाले, आणि तिथून निघाले.

दोन तारखेला माझी शिष्यवृत्ती वाढली. समितीने काहीच विचारलं नाही. तीन तारखेला नवा टर्नर रुजू झाला, आणि आता पत्र देऊन उगाच त्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय आणायचा, असा उदार विचार मी केला. स्वतःची सोय झाली की माणसाला उदारपणा लगेच सुचतो. माझा प्रबंध चांगला झाला. मोजमापाच्या अचूकपणाबद्दल परीक्षकांनी खास शेरा लिहिला. ते मोजमाप त्या पाच गोळ्यांवरचंच होतं.

त्यानंतर मी एका महाविद्यालयात शिकवू लागले. दर वर्षी जानेवारीत हा भाग यायचा. फळ्यावर वर्तुळ काढून मी म्हणायची, गोळा पूर्ण गोल आहे असं आपण धरू, आणि पुढे नऊपटीपर्यंत जायची. नव्वद साली शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, प्रत्यक्षात इतका गोल गोळा मिळतो का? की नुसतं धरायचं?"

"मिळतो," मी म्हणाले. "आमच्याकडे होते. पाच."

"कुठल्या कंपनीचे?"

घंटा व्हायला वीस मिनिटं होती, तरी मी तास सोडून दिला. खोलीत येऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, प्रबंधाच्या आभारातसुद्धा नाही, आणि त्याची मला भयंकर लाज वाटली.

मामांचा पत्ता गफूरभाईंनी दिला. सेलूजवळचं एक गाव. रविवारी दुपारी एसटीने तिथे उतरले. वेशीजवळ पिठाची गिरणी होती, तीच मामांची. दारात एक तिशीची बाई ज्वारी पाखडत होती. मामा आहेत का, असं मी तिला विचारलं.

"मामंजी आत हायेत," ती म्हणाली. मग माझ्या साडीकडे आणि पर्सकडे बघून तिने विचारलं, "लेथच्या कामासाठी आलाव का? तर ते न्हाई करत. सेलूच्या कारखानदारानं दोनदा बोलावलं, घरी येऊन बसला. न्हाई म्हनले."

"का?"

"हात चुकतोय म्हनत्यात. तितं इद्यापीठात व्हते, तवापासून. आमी तर बघितलंच न्हाई त्यांना लेथवर."

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्यांची नोकरी घालवली. नोकरी गेली तर माणूस दुसरी शोधतो, असं म्हणून मी स्वतःची समजूतही घातली होती. मी काय घालवलं होतं ते मला त्या सुनेच्या तोंडून कळलं.

मामा बाहेर आले. केस पांढरे झाले होते, आणि जे काळे होते त्यांच्यावर पीठ बसलं होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"बिडवई ताई. या. बसा." त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं, पोत्यावर घोंगडी टाकली. "कसं काय येनं केलं?"

मी पाणीही घेतलं नाही. घेतलं असतं तर पुन्हा चहा छान झालाय म्हणून उठले असते.

"मामा, ते गोळे गोल होते. गणित चुकलं होतं. आमच्या लहरीत चुंबकाचा भाग असतो, तो आम्ही धरलाच नव्हता. तो धरला की सुई साठावरच यायला हवी. तुमच्या गोळ्याने बरोबर उत्तर दिलं होतं."

गिरणी चालू होती, त्यामुळे मला हे जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. मामांनी जाऊन गिरणी बंद केली, परत आले आणि म्हणाले, "परत सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"पाची?"

"पाचही. तुम्ही म्हणाला होतात तसे फिरवून बघितले. सुई हलली नाही."

ते समोरच्या पोत्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "हे कदी कळलं तुमाला?"

नंतर, म्हणता आलं असतं. प्रबंध लिहिताना, म्हणता आलं असतं. त्यांना खरं खोटं तपासायची काही सोय नव्हती.

"तुम्ही जायच्या तीन दिवस आधी," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, आणि त्यांनी क्षमाही केली नाही. तेवढ्यात एक बाई डोक्यावर डबा घेऊन आली. मामांनी तिचा डबा उतरवून घेतला आणि माझ्याकडे वळले.

"ताई, ह्यास्नी सांगा."

"काय?"

"आत्ता सांगितलं ते."

मी त्या बाईला सांगितलं. लहर, विद्युत, चुंबक, साठ अंश. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "कोनता गोळा?" मामांनी गिरणी चालू केली आणि तिचं दळण करून दिलं. पुढची आली. त्यांनी गिरणी थांबवली. "ताई, ह्यास्नी बी सांगा."

त्या दुपारी मी सात जणांना सांगितलं. दर वेळी ते गिरणी थांबवत, मी सांगे, आणि मग ते पुन्हा चालू करत. कुणी हसत नव्हतं. गावातल्या लोकांना वाटलं असेल, शहरातून बाई आली आहे, काहीतरी सरकारी असणार. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून लहर गळाली, चुंबक गळाला, अंश गळाले. "मामांनी विद्यापीठात असताना पितळेचे पाच गोळे केले होते. त्यांत दोष आहे असं ठरवलं गेलं. त्यांत दोष नव्हता," एवढंच उरलं.

सहाव्या वेळी मला माझंच वाक्य ऐकू आलं. ठरवलं गेलं. त्यात सगळं होतं, विद्यापीठ, पितळ, गोळे, फक्त ठरवणारं कुणी नव्हतं. वर्कशॉपमध्ये गणितात दुरुस्ती करावी लागली होती, आणि इथे दोष ठरवला गेला होता. तरीसुद्धा सातव्याला मी तसंच सांगितलं, कारण सातवे गावचे सरपंच होते. मामांनी गिरणी पुन्हा चालू केली. माझी साडेपाचची गाडी चुकली होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मामांची बायको शेतातून आली. तोवर मी तिला पाहिलं नव्हतं. उंच, हाडापेराची, डोक्यावर जळणाचा भारा. तिने भारा टाकला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मामांना नजरेनेच विचारलं.

मी उठले. मामांनी हात करून मला थांबवलं. हिला सांगायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं नाही. ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ते गोळे गोल व्हते," ते म्हणाले. "पाची. माझा हात चुकला नव्हता."

तिने पदराने तोंड पुसलं. ती आनंदली नाही, तिला नवलही वाटलं नाही.

"म्या तवाच म्हनले व्हते," ती म्हणाली. "रातरात तुमी हातच बगत बसायचे, आन म्या म्हनायची, हात काई चुकला न्हाई. अकरा वर्सं म्हनते. माझं ऐकलं का?" आणि मग तिने विचारलं, "कोन म्हनलं व्हतं वाकडे हायेत म्हून? एवडं तुमी कदी सांगितलं न्हाई मला."

मामा वळले आणि पोत्याचं तोंड बांधू लागले. ते आधीच बांधलेलं होतं.

"मी," मी म्हणाले.